अकरा पावलांचा पट्टा

डॉक्टरांनी नानांना जे सांगायचं, ते नानांना न सांगता त्यांच्या मुलाला सांगितलं. मुलाने ते बायकोला सांगितलं, आणि बायकोला पुढे सांगायला कुणी नव्हतं म्हणून ते तिच्याकडेच राहिलं. घरातल्या बहुतेक कामांचं असंच व्हायचं.

सांगणं एवढंच होतं. नानांनी चाळीस वर्षं लोकांच्या हिरवळींवर जे फवारलं, त्यातलं थोडंथोडं नानांवरही फवारलं गेलं होतं. हातांची थरथर, डोळ्यांतलं पाणी, तीन पायऱ्या चढताना लागणारा दम, सगळी त्याचीच कमाई. आणखी एकदा ते अंगावर सांडलं किंवा पोटात गेलं तर माझ्या हातात काही राहणार नाही, असं डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पुढच्या पेशंटची फाईल उघडली.

नानांना सगळा परिसर ‘पंपवाले नाना’ म्हणून ओळखायचा. पाठीवर पंप, डोक्याला फडकं, आणि कुणाच्याही फाटकातून आत शिरताना मालकापेक्षा मालकासारखी चाल. त्यांच्या स्वतःच्या घरापुढची हिरवळ ही त्यांची जाहिरात होती. लांबीला तीस पावलं, रुंदीला वीस, आणि चाळीस वर्षांत तिच्यावर एक किडा सुखाने म्हातारा झालेला नव्हता. गिऱ्हाईक आलं की नाना त्याला फक्त फाटकाशी उभं करायचे. पुढे बोलावं लागत नसे.

पंप खाली ठेवायला नाना तयार झाले, पण अट घालून. त्यांनी वेताची खुर्ची ओसरीत ओढली, सुनेला समोर उभं केलं आणि म्हणाले, “सूनबाई, मी इथे बसून राहतो. पण लॉनला डाग दिसला, की मी उठलो. मग डॉक्टर आडवा आला तरी त्याच्या अंगावर मारीन.”

नानांनी आयुष्यात शब्द फिरवलेला कुणी पाहिला नव्हता. तेव्हा हिशेब सरळ होता: हिरवळ जगली तर नाना जगणार होते.

मुलाने यावर उपाय सुचवला. तो फरश्यांच्या दुकानात कामाला होता, त्यामुळे त्याचे सगळे उपाय एक फूट बाय एक फूट असायचे. सगळं खणून फरशी टाकून देऊ, डाग पडायचा प्रश्नच नाही, असं तो म्हणाला. नाना ते ऐकून दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी सुनेने जाहीर केलं की हिरवळ आजपासून मी बघणार.

ती छापखान्यात प्रुफं तपासायची. सकाळी नऊ ते दुपारी एक, दुसऱ्यांच्या चुका. वाचनालयातून तिने दोन पुस्तकं आणली, लाल पेन्सिलीने खुणा करत वाचली, आणि विषाविना हिरवळ कशी राखतात ते शिकली. पहिली गोष्ट म्हणजे नानांनी आजवर जे जे केलं ते सगळं उलटं करायचं होतं. नाना गवत न्हाव्याने डोकं भादरावं तसं कापायचे. तिने यंत्राचं पातं वर चढवलं, चार बोटं उंच गवत ठेवलं, कारण उंच गवताची सावली पडली की खाली तण उगवत नाही. पात्याला धार लावून आणली. कापलेलं गवत गोळा न करता तिथेच सोडलं, तेच खत. रोज शिंपडायचं पाणी बंद करून आठवड्यातून एकदा, पहाटे, वीतभर खोल मुरेल इतकं द्यायला लागली. म्हणजे मुळं पाण्याच्या शोधात खाली जातात, वर बसून वाट पाहत नाहीत. दाबून घट्ट झालेल्या जमिनीत बागकामाचा काटा खुपसून भोकं पाडली, वरून चाळलेलं कुजकं खत पसरलं, विरळ जागी बी टाकलं. तण खुरप्याने मुळासकट काढायचं. ते काम प्रुफांसारखंच निघालं. एक काढलं की शेजारचं दिसतं.

नाना खुर्चीतून हे बघत आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवत. हे लॉन आहे की गुरांचं कुरण, असं त्यांनी पहिल्या आठवड्यात विचारलं. दुसऱ्या आठवड्यात तिला गुडघ्यांवर रांगताना पाहून म्हणाले, की काही हरवलंय का, मी शोधू लागतो. पण तिसऱ्या आठवड्यापासून त्यांची काठी पुढे होऊ लागली. डावीकडे, त्या नळाच्या अलीकडे, एक रुंद पानाचं माजलंय, बघ. डोळ्यांना पाणी असलं तरी नजर घारीची होती. ते डोळे व्हायचे, ती हात. संध्याकाळी मुलगा घरी यायचा तेव्हा त्याचे वडील आणि त्याची बायको एका तणावरून वाद घालत असायचे, आणि त्याने काही विचारलं तर दोघंही त्याच्याकडे परक्यासारखं बघायचे.

पावसाळा उलटल्यावर कोपऱ्यात ताटाएवढा पिवळा डाग पडला.

तिने सकाळी तो पाहिला तेव्हा नाना अजून झोपलेले होते. गोळ्यांमुळे त्यांना सातनंतर जाग यायची. तिने डागाच्या कडेला गवत धरून ओढलं, तर सतरंजीचं टोक उचलावं तसं ते अलगद वर आलं. खाली मुळंच नव्हती. मुळं खाऊन लठ्ठ झालेल्या पांढऱ्या अळ्या होत्या, अंगाचं वेटोळं करून पडलेल्या. हुमणी. एका पंजाएवढ्या जागेत सात-आठ.

झाकायला वेळ नव्हता. नानांनी खुर्चीत बसायच्या आधीच डाग पाहिला आणि ते बसलेच नाहीत. पंप कुठे आहे, एवढंच विचारलं.

तेव्हा ती खोटं बोलली. पुढे तिने या क्षणाकडे अनेकदा मागे वळून पाहिलं, प्रुफात सुटलेल्या चुकीकडे छापून आल्यावर पाहतात तसं. ती म्हणाली की फवारणी मीच करते, तुम्ही नुसतं सांगा. बाजारात नवीन औषध आलंय, वास नसतो त्याला. नानांना ‘नवीन’ या शब्दाबद्दल तिटकारा होता आणि ‘वास नसतो’ याबद्दल संशय, पण पंप घरातच कुणाच्या तरी पाठीवर चढतोय हे पाहून ते थोडे निवळले. तिने मागच्या मोरीत पंप भरला. त्यात पाणी होतं आणि भांड्यांच्या साबणाचे चार थेंब.

“चाखलंस?” नानांनी विचारलं.

तिला प्रश्न कळला नाही. नानांना तिचं न कळणं कळलं नाही. मग त्यांनी समजावलं, पोराला बुटाची गाठ शिकवावी तशा मायेने. मापाच्या झाकणावर कुणी जायचं नसतं, झाकण कंपनीचं असतं. मिश्रणात करंगळी बुडवायची, जिभेच्या शेंड्याला लावायची. झिणझिण्या आल्या की मात्रा बरोबर. नाही आल्या तर आणखी थोडं घालायचं. त्यांच्या उस्तादाने त्यांना असंच शिकवलं होतं, त्यांनी पुढे चौघांना शिकवलं. चाळीस वर्षांत मात्रा एकदा चुकली नाही.

नाना उभे होते, काठी टेकून, उत्तराची वाट बघत. तिने साबणाच्या पाण्यात करंगळी बुडवली, जिभेला लावली आणि आल्या झिणझिण्या, असं सांगितलं.

“कडक?”

“कडक.”

नाना समाधानाने बसले.

त्यानंतर दहा दिवस ती साडेपाचला उठून गुडघ्यांवर बसायची. सतरंजी उचलल्यासारखी हिरवळ उचलायची, हुमणी एकेक करून साबणाच्या बादलीत टाकायची, हिरवळ परत अंथरायची, पायाने दाबायची, पाणी द्यायची. तिच्या मागोमाग पाखरं यायला लागली. आधी दोन, मग बरीच, आणि तिच्यापेक्षा हुशारीने काम करायला लागली. इतकी वर्षं या आवारात त्यांना खायला काहीच नव्हतं. साडेसहाला ती नखांतली माती काढून स्वयंपाकाला लागायची. आठला नाना बाहेर येऊन डागाची पाहणी करायचे. डाग थांबला, मग कडेने हिरवा होऊ लागला.

तुझं नवीन औषध बरंय, पण आळशी आहे, असा निकाल नानांनी दिला. त्यांचं औषध असतं तर तीन दिवसांत काम झालं असतं. मात्र एका शेजाऱ्याने फाटकाशी थांबून औषधाचं नाव विचारलं तेव्हा त्यांनी नावाऐवजी नुसता हात हलवला, धंद्यातलं गुपित असल्यासारखा.

खरं त्याच वेळी सांगायला हवं होतं. पण नाना खुश होते, नीट जेवत होते, रात्री झोपत होते, आणि ती रोज उद्या सांगू म्हणत राहिली.

दुसरा डाग फाटकाजवळ पडला, ती छापखान्यात असताना. एरवी तिने तो संध्याकाळी पाहिला असता आणि पहाटे उचलला असता. त्या दिवशी नानांनी आधी पाहिला.

ते रागावले नव्हते, हे तिला नंतर कळलं. त्यांना तिचं वाईट वाटलं होतं. पोर एवढी राबते आणि दुकानदाराने तिला पाणचट माल दिला, असं त्यांचं मत झालं. अवजारांच्या खोलीत वंगणाच्या जुन्या डब्यामागे त्यांची स्वतःची बाटली होती. ती खोली सुनेने दोनदा झाडली होती, पण डब्यांना हात लावला नव्हता. त्यांनी पंप काढला. त्यात तिचं साबणाचं पाणी होतंच. त्यात आपलं थोडं घातलं. करंगळी बुडवून चाखलं. काही लागलं नाही. आणखी घातलं, पुन्हा चाखलं.

ती सव्वा वाजता फाटकातून आत आली तेव्हा नाना हिरवळीच्या मध्यावर पंप पाठीवर घेऊन उभे होते. अंगातला सदरा छातीपासून कमरेपर्यंत ओला होता. पंपाच्या नळीचा जोड नीट बसला नव्हता. हवेत तो वास होता, जो या घरातून एक वर्ष गेलेला होता.

“सूनबाई,” नाना म्हणाले, “माल भेसळीचा आहे गं. तुझा तर आहेच. माझाही निघाला. अख्खी बाटली ओतली, सात-आठदा चाखलं, जिभेला ढिम्म लागत नाही.”

तिने पंप उतरवला, सदरा फाडून काढला, नळाखाली त्यांना बसवून पाणी ओतत राहिली. नाना कुरकुरत होते, की फवाऱ्याचा पट्टा अर्धा राहिलाय, मध्येच सोडलं तर डाग सरळ रेषेत दिसतो. मग त्यांच्या कपाळावर घाम फुटला, तोंडाला लाळ सुटली, आणि ते बोलायचे थांबले.

दवाखान्यात सुया लागल्या, नळ्या लागल्या. तरुण डॉक्टरीणबाईंनी तिला बाजूला घेऊन विचारलं की यांनी हे इतकं तोंडात घेतलं कसं, जिवावर उदार झाले होते का. तिने चाखण्याची पद्धत सांगितली. डॉक्टरीणबाई आधी थक्क झाल्या, मग त्यांनी एक कागद चाळला आणि म्हणाल्या, जीभ तर यांची केव्हाच गेलीय. कडू-गोड काही कळत नसणार. चार-पाच वर्षं तरी. घरात लक्षात नाही आलं?

नव्हतं आलं. या घरात जेवणाला कधीच नावं न ठेवणारे नाना एकटेच होते. नवरा मिठावरून रोज बोलायचा. नाना जे पानात पडेल ते शेवटच्या घासापर्यंत खायचे आणि झकास म्हणायचे. ती त्याला माया समजत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी नाना शुद्धीवर आले. श्वास घेताना छाती भात्यासारखी वाजत होती, पण बोलणं स्पष्ट होतं. मुलगा औषधं आणायला गेला होता. नानांना एकाच गोष्टीची घाई होती. त्यांनी शिकवलेले ते चौघं अजून पंप चालवत होते, आणि ते त्याच दुकानातून माल घेत होते.

“त्यांना निरोप दे. म्हणावं, माल पातळ येतोय. जिभेला लागेपर्यंत घाला. झाकणावर जाऊ नका.”

हो म्हणून तिला मोकळं होता आलं असतं. माणूस जाताना लोक हो म्हणतात, पुढचं कोण बघतंय. पण या निरोपाला चार माणसं चिकटलेली होती.

“माल चोख होता, नाना,” ती म्हणाली. “तुमच्या जिभेला कळत नाही. फार दिवसांपासून कळत नाहीये. आणि माझ्या पंपात औषध नव्हतंच. साबणाचं पाणी होतं.”

नानांना आधी हिशेब जुळवायचा होता.

“मग हुमणी कशानं गेली?”

“वेचली. हातानं. पहाटे.”

“सगळी?”

“काही पाखरांनी.”

त्यांनी मान वळवून तिच्या हातांकडे पाहिलं. नखांच्या कडेला अजून माती होती. आता ते रागावतील किंवा रडतील, म्हणून तिने मनाची तयारी केली. नाना मात्र धंद्याचं बोलले.

“हे त्या चौघांना बोलू नकोस,” ते म्हणाले. “उद्या उठून करतील काय बिचारे?”

संध्याकाळी पाय धरून बसलेल्या मुलाला त्यांनी विचारलं, की फाटकाकडचा डाग वाढलाय का. मुलगा तो बघायला घरी गेलाच नव्हता, तरी तो नाही म्हणाला. पहाटे, ती रोज बादली घेऊन बाहेर पडायची त्या सुमाराला, नाना गेले.

आठवड्याने ते चौघं भेटायला आले. चौघंही साठीच्या आसपासचे, इस्त्रीचे सदरे घातलेले, आणि पंप नसल्यामुळे पाठीचं काय करावं हे न कळल्यासारखे किंचित वाकलेले. आत यायच्या आधी ते ओसरीत रांगेने उभे राहून हिरवळ बघत राहिले. नानांचा शेवटचा पट्टा स्पष्ट दिसत होता. फाटकापासून अकरा पावलं गवत करपून तांबूस झालं होतं. इतकं जाळायला मात्रा किती लागते, हे त्या चौघांइतकं कुणाला कळणार? पण त्यातला एक गहिवरून म्हणाला की शेवटपर्यंत हात चालत होता माणसाचा. पट्ट्याच्या पलीकडे, जिथे नाना पोचले नव्हते, तिथलं गवत दाट, गर्द, पावलाखाली दबून पुन्हा उभं राहणारं होतं. दुसऱ्याने त्याच्याकडे बोट दाखवून सांगितलं, हे बघा, ही नानांची करामत.

मग थोरल्याने घसा साफ केला. आमच्यात असं ठरलंय वहिनी, तो म्हणाला. उस्तादाचं काम अर्धवट राहिलंय, ते आम्ही चौघं उद्या येऊन पुरं करणार. एक पै घ्यायची नाही.

तिने नको म्हटलं. त्यांना तो संकोच वाटला. तेव्हा तिने त्यांना खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. नानांनी सांगू नको म्हटलं होतं, तेही सांगितलं. साबणाचं पाणी, पहाटेची बादली, पाखरं. मग जीभ. नानांची जीभ चार-पाच वर्षं मेलेली होती आणि ते रोज त्याच जिभेने मात्रा ठरवत होते. चाखण्यानेच ती मेली. तुम्हीही तसंच चाखता.

चौघंही अदबीने ऐकत होते. कुणी हसलं नाही. थोरला फक्त बाजूच्याकडे बघून मान हलवत होता, दुःखाने बाईमाणसाचं असं होतं, अशा अर्थाने.

“वहिनी,” तो म्हणाला, “नानांची जीभ म्हणजे सोनाराचा काटा. त्यांनी या हिरवळीचं गुपित तुम्हालाही सांगितलं नाही, एवढंच झालंय.”

“आणि तुमची?”

“आमची काय, त्यांनीच घडवलेली.”

आतल्या खोलीतून नवरा तिला खुणावत होता, की पुरे कर, चहा दे. ती उठून स्वयंपाकघरात गेली. पाण्याला उकळी आली, पत्ती पडली, दूध पडलं. साखरेचा डबा तिने उघडला आणि तसाच बंद केला. शेजारचा डबा काढला. दर कपाला दोन चमचे मीठ. नीट ढवळलं, कुठे खडा राहू नये म्हणून गाळून घेतलं, आणि ट्रे बाहेर नेला.

चौघांच्या हातात कप-बशा खुळखुळायला लागल्या. ती समोर उभी राहिली. साखर बेताची आहे ना, तिने विचारलं.

थोरल्याने मोठा घोट घेतला, मिशी पुसली आणि झकास म्हणाला. दुसऱ्याने बशीत ओतून घेतला, फुंकर मारली आणि संपवला. तिसऱ्याने अर्धा पिऊन, आमच्या घरी असा होत नाही, अशी तक्रार केली.

चौथा त्यांच्यातला धाकटा. त्याने घोट घेतला आणि तो तोंडातच राहिला. कसाबसा त्याने तो गिळला. त्याने कपात पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. मग हळूच आपल्या बाजूला बसलेल्या तिघांकडे, एकेकाच्या रिकाम्या होत चाललेल्या कपाकडे, त्यांच्या शांत, तृप्त चेहऱ्यांकडे.

थोरला त्याला म्हणाला, “काय रे, आवडला नाही का?”

ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. आता तो बोलणार, अशी तिची खात्री होती.

“छे छे, झकास आहे,” धाकटा म्हणाला. त्याने डोळे मिटले, कप तोंडाला लावला, आणि शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकला.